गळ टाकायच्या आधी दगड उलटून बघा

ट्राउट मासा जालन्यात मिळत नाही आणि मिळणारही नाही. पण ज्या खेळासाठी लोक हिमालयापर्यंत जातात, त्यातली खरी विद्या दुधना-पूर्णेच्या काठावर शिकता येते. त्यासाठी लागतं काय? एक बांबू, कोंबड्याचं पीस, एक वही आणि थोडा धीर.

रील्स बघताना हे दृश्य तुमच्यासमोर कधीतरी आलंच असेल. डोंगरातली खळाळती नदी. गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक माणूस. हातात लांब, लवचिक छडी. डोक्यावर दोरीचा मोठा वळसा मागे जातो, क्षणभर थांबतो, पुढे येतो आणि अलगद पाण्यावर उतरतो. दोन सेकंदांत पाणी फुटतं. अंगावर ठिपके असलेला चकचकीत मासा वर येतो. माणूस हात ओले करून त्याला धरतो, गळ काढतो आणि चक्क सोडून देतो!

खाली हमखास एक कमेंट असते, 'सोडायचाच होता तर पकडला कशाला?'

प्रश्न एकदम रास्त आहे. त्याचं उत्तर आपण शोधूच. पण आधी तो माणूस नेमकं करतोय काय, ते समजून घेऊ.

फेकायची असते ती दोरी

या प्रकाराला म्हणतात फ्लाय फिशिंग. आपल्याकडे गळ कसा टाकतात ते तुम्हाला माहीत आहे. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, वर शिशाचा तुकडा. त्या शिशाच्या वजनावर दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये शिसं नाही आणि गांडूळही नाही. गळाला असतं फक्त पीस, दोरा, थोडीशी लोकर. त्याचं वजन जवळजवळ शून्य. आता एखादं पीस जोरात फेकून बघा. जातं का लांब? पायापाशीच पडतं.

म्हणून इथे वजन ठेवलेलं असतं दोरीतच. ही दोरी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. छडीने ती चाबकासारखी मागे न्यायची, मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. शिकवणारे घड्याळाचं उदाहरण देतात. छडी १० आणि २ या आकड्यांच्या मध्येच फिरली पाहिजे. नवशिके चुकतात ते त्या थांबण्यात. घाई केली की दोरीचा गुंता होतो, नाहीतर गळ मागच्या झाडात अडकतो. दोरीच्या टोकाला बारीक, पारदर्शक नायलॉन असतं, म्हणजे माशाला दोरी दिसत नाही. त्याला दिसतो तो पाण्यावर येऊन पडलेला एक किडा.

हा 'किडा' म्हणजेच फ्लाय. याचे मोटामोटी तीन प्रकार. पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय, म्हणजे नुकताच पंख फुटलेला किंवा पाण्यात पडलेला किडा. पाण्याखाली बुडणारी निंफ, म्हणजे किड्याची पाण्यातली अवस्था. आणि स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशाची नक्कल. नवख्याला मजा वाटते ती ड्राय फ्लायची, कारण मासा झेपावताना डोळ्यांनी दिसतो. पण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं.

आता खरी गोम इथे आहे. मासा आज काय खातोय हे कळलं नाही, तर छडी कितीही महाग असली तरी उपयोग शून्य. तळ्यावर बारीक काळे डास उडत असतील आणि तुम्ही मोठा तपकिरी किडा टाकलात, तर मासा ढुंकूनही बघत नाही. म्हणून जुने जाणते फ्लाय फिशर पाण्याजवळ गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं छडीला हातच लावत नाहीत. ते नदीतला दगड उचलतात, उलटा करतात आणि त्याला काय चिकटलंय ते बघतात.

जालन्यात ट्राउट का नाही?

ट्राउट हा मुळात भारतीय मासा नाहीच. ब्राउन ट्राउट युरोपातला, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिककडच्या बाजूचा. इंग्रज साहेबांना इथे आल्यावर मायदेशातल्या या खेळाची आठवण यायची, म्हणून त्यांनी माशाची अंडी बोटीने मागवली. पहिली खेप वाटेतच वाया गेली. १९०० साली पाठवलेली अंडी काश्मीरला पोचली आणि ट्राउट तिथे रुजला. पुढे हिमाचल, दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरातही तो नेला गेला. आज काश्मीरच्या लिद्दर नदीत किंवा हिमाचलच्या तीर्थन नदीत सरकारी परवाना काढून लोक ट्राउटसाठी गळ टाकतात.

मग आपल्याकडे का नाही? कारण थंड पाणी. ट्राउटला साधारण २० अंशांपर्यंतचं पाणी मानवतं. २५ अंशांच्या वर गेलं की त्याच्या जिवावर बेततं. यामागे साधं विज्ञान आहे. पाणी जितकं गार, तितका त्यात जास्त ऑक्सिजन विरघळतो. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. आता आपला मे महिना आठवा. पारा चाळिशीपार आणि नदीत उरलेलं एखादं डबकं. तिथे ट्राउट अर्धा दिवससुद्धा काढणार नाही.

पण त्याच डबक्यात मरळ जगते! मरळीच्या डोक्यात हवेतला ऑक्सिजन घेणारा खास अवयव असतो. पाण्यात ऑक्सिजन संपला की ती वर येऊन हवा गिळते आणि परत खाली जाते. गढूळ पाणी, चिखल, उन्हाळा, सगळं सोसते. ट्राउट थंड डोंगराचा मासा, तर मरळ आपल्या दुष्काळी मुलखाची.

मरळीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका हलताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतात. अशा वेळी तिथे गळ टाकला तर मरळ हमखास येते, पण भुकेने नव्हे, पिल्लांना वाचवायला येते. ती पकडली की अख्खा झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. चांगला गळवाला तिथून पाय काढता घेतो.

साहेबांच्या आधीपासूनचा गळ

गळाने मासे धरणं हा छंद इंग्रजांनी आपल्याला शिकवला, असं कुणी सांगितलं तर त्याला 'मानसोल्लास' या ग्रंथाचं नाव सांगा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेलं. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद ज्या ग्रंथात आहे तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, कुठला मासा कुठे राहतो, कुणाला काय खाऊ घालायचं, दोरी आणि छडी कशी असावी, हे सगळं त्यात सांगितलंय. म्हणजे सुमारे ९०० वर्षांपूर्वी या मुलखात कुणीतरी पाण्याकाठी बसून बारकाईने माशांकडे बघत होतं आणि लिहूनही ठेवत होतं.

पुढची नोंद इंग्रजी अमदानीतली. कर्नल विल्यम हेन्री सायक्स नावाचा अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरत होता. जनगणना, शेती, पाऊस यांच्यासोबत त्याने इथले मासेही टिपले आणि १८३९ साली त्यांची यादी लंडनमध्ये मांडली. गंमत म्हणजे यातल्या अनेक माशांना त्याने आपल्याकडचीच नावं शास्त्रीय नाव म्हणून देऊन टाकली. टॉर खुदरी, गारा मुल्या, मिस्टस सिंगटी, टाकरी, फुलुंगी, नुकटा, सांडखोल. यातला दुसरा शब्द उच्चारून बघा. लॅटिन वाटतो का? दख्खनमधले मासे धरणारे लोक जे म्हणायचे, तेच सायक्सने इंग्रजी कानाने ऐकून लिहिलं. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात शिंगटीवर कुणी पेपर लिहिला तर त्याला आपल्या आजोबांच्या तोंडचा शब्द लिहावा लागतो.

यातला खुदरी म्हणजे दख्खनचा महाशीर. सायक्सला तो मिळाला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यात. तीच मुळा-मुठा, जी आज पुण्याचं सांडपाणी वाहते. महाशीर हा भारतातल्या गळवाल्यांचा राजा. ताकद एवढी की ट्राउटचे चाहतेसुद्धा त्याच्यापुढे हात टेकतात. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, त्यात महाशीरला मोठं मानाचं स्थान आहे. याच थॉमसचं १८८७ चं दुसरं पुस्तक फक्त तळ्यांवरच्या गळाबद्दल आहे. म्हणजे हिमालय नसला तरी चालतं. गावतळंही पुरतं.

एक वही आणि कावेरीचं कोडं

आता त्या कमेंटकडे वळू. सोडायचाच होता तर पकडला कशाला?

गोष्ट सुरू होते आपल्याच लोणावळ्यात. धरणं, प्रदूषण आणि बेसुमार मासेमारीमुळे दख्खनचा महाशीर कमी होत चालला होता. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या तलावावर त्याची पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महाशीरची अंडी, पिल्लं आणि कृत्रिम प्रजनन यावर केलेलं काम आजही अभ्यासलं जातं. तिथून लाखो पिल्लं तयार झाली आणि देशातल्या इतर नद्यांमध्ये सोडायला दिली गेली. त्यात कर्नाटकातली कावेरीही होती. हेतू अगदी चांगला. मासा वाचला पाहिजे.

पण कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, सोनेरी, प्रचंड मोठा. १९४६ साली कावेरीच्या खोऱ्यातल्या कबिनी नदीत गळाला लागलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा होता. जगभरातून लोक याच माशासाठी कावेरीकाठच्या कॅम्पवर यायचे. तिथे नियम असा होता की मासा पकडायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि सोडून द्यायचा.

या वह्या साचत गेल्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ए. सी. पिंडर, राजीव राघवन आणि जे. आर. ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. नोंदींमध्ये सोनेरी, उंच पाठीचा महाशीर झपाट्याने कमी होत गेला होता आणि निळसर परांचा महाशीर वाढत गेला होता. हा निळसर परांचा पाहुणा म्हणजे बाहेरून आणून सोडलेला, आपल्या लोणावळ्याकडचा खुदरी!

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत कावेरीच्या त्या महाशीरला अतिसंकटग्रस्त ठरवलं गेलं. टॉर रेमादेवी ही त्याची शास्त्रीय ओळखही त्याच वर्षी पक्की झाली. नाव निश्चित होईपर्यंत मासा जवळपास संपत आला होता. त्याच वर्षी आपला खुदरी मात्र संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. एका नदीतला मासा वाचवायला निघालो आणि दुसऱ्या नदीतल्या माशावर घाला पडला.

यात कुणाला खलनायक करायची गरज नाही. त्या वेळी जे माहीत होतं त्यावरून प्रामाणिकपणे केलेलं ते काम होतं. पण मुद्दा लक्षात घ्या. नदीच्या आत काय चाललंय हे वरून दिसत नाही. हा बदल कुठल्या उपग्रहाने किंवा मोठ्या यंत्राने पकडला नाही. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या साध्या वह्यांनी पकडला. मासा पकडून सोडून देणारा माणूस वेडा दिसत असेल, पण त्याने लिहून ठेवलं म्हणून जगाला कळलं.

आपल्या नदीची वही कुणाकडे आहे?

आता जालन्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडून पूर्णा. मधून बदनापूर, परतूरकडे जाणारी दुधना. जालना शहरातून कुंडलिका. दक्षिणेला अंबड आणि घनसावंगीच्या कडेने गोदावरी. शिवाय घाणेवाडीचा तलाव, सोमठाण्याचा अप्पर दुधना प्रकल्प, आणि गावोगावचे पाझर तलाव आणि केटीवेअर.

यातल्या एकाही ठिकाणी मागच्या दहा वर्षांत कुठले मासे कमी झाले आणि कुठले नवीन आले, हे लिहिलेली वही तुमच्या ओळखीत कुणाकडे आहे का? गावातल्या भोई समाजातल्या जुन्या माणसांना हे सगळं तोंडपाठ असतं. कुठल्या डोहात वाम लागायची, पहिल्या पुराबरोबर कुठला मासा चढायचा, मळ्या कुठल्या दगडाखाली सापडायचा. पण त्यांच्या नातवंडांनी जाळं सोडून पुण्याची किंवा एमआयडीसीची वाट धरली आहे. ती माणसं गेली की ती वहीही गेली.

आणि बदल तर होतोच आहे. तळ्यांमध्ये कटला-रोहूचं बीज सोडलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. पण चिलापी मूळ आफ्रिकेची. थाई मांगूरही आफ्रिकेचा, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. घरच्या फिशटँकमध्ये मोठा झाला म्हणून कुणीतरी सोडून दिलेला सकर मासा महाराष्ट्रातल्या धरणांमध्ये सापडतो. कावेरीची गोष्ट वाचल्यावर यातल्या प्रत्येक 'सोडून दिला'चा अर्थ वेगळा लागतो. म्हणून पहिला नियम: टँकमधला मासा नदीत सोडायचा नाही. पुण्य लागत नाही.

दुसरा बदल पाण्याचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगलं, हे तुमच्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिलंय. नदी पावसाळा ते हिवाळा एवढीच वाहते. वाळू उपसली की तळाशी राहते माती आणि खड्डे. शहरातून जाताना कुंडलिकेत सांडपाणी मिसळतं. या सगळ्याचा परिणाम माशांच्या आधी दिसतो तो दगडाखाली.

दगडाखालची लॅब

आता तो फ्लाय फिशरचा दगड परत उचलू. ट्राउट नसला तरी ही विद्या इथे जशीच्या तशी चालते.

वाहत्या, उथळ पाण्यातला हाताच्या पंजाएवढा दगड हळूच उचला आणि खालची बाजू बघा. तीन बारीक शेपट्या आणि पोटाच्या कडेला हलणारे पिसासारखे कल्ले असलेला चपटा किडा दिसला, तर तो मेफ्लायचं पिल्लू. हा पाण्याखाली अनेक महिने काढू शकतो, पंख फुटले की मात्र जेमतेम एक-दोन दिवस जगतो. त्या अवस्थेत त्याला खायला तोंडच नसतं! दगडाला वाळूच्या कणांची छोटी नळी चिकटलेली दिसली, तर आत कॅडिसची अळी आहे. ती स्वतःचं घर स्वतः बांधते. या दोन्ही किड्यांच्या नकला बनवणं हे जगभरच्या फ्लाय फिशरचं आवडतं काम.

पर्यावरणाचे अभ्यासक याच किड्यांवरून पाण्याची तब्येत ओळखतात. मेफ्लाय, कॅडिस असे नाजूक किडे भरपूर असतील तर पाण्यात ऑक्सिजन चांगला आहे. ते गायब आणि चिखलात फक्त लाल, दोऱ्यासारख्या अळ्या उरल्या असतील, तर त्या पाण्यात घाण मिसळते आहे. यासाठी महागडी किट लागत नाही. पांढरी प्लास्टिकची थाळी, मोबाइलचा कॅमेरा आणि ओळख पटवायला आयनॅचरलिस्टसारखं मोफत अॅप पुरे. एकच दगड शहराच्या वर आणि एक शहराच्या खाली उलटून बघा. दोन फोटो शेजारी ठेवा. वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही.

करून बघायचंय?

जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर 'तेनकारा' नावाचा प्रकार आहे. त्यात रीळ नसतं. लांब छडी, तिच्या टोकालाच बांधलेली दोरी आणि दोरीला पिसाचा किडा. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या केटीवेअरवर पोरं बांबू घेऊन बसतात, तेच की! फरक फक्त कणकेच्या गोळीचा.

तर हा घ्या जालना तेनकारा. दहा-बारा फुटांचा, टोकाला लवचिक असा बारीक बांबू. तेवढ्याच लांबीची, थोडी जाड नायलॉनची दोरी आणि शेवटचे दोन-तीन फूट अगदी बारीक नायलॉन. बाजारात मिळतो त्यातला लहानात लहान गळ. पक्कडीने गळाचा आतला उलटा काटा दाबून सपाट करा, म्हणजे मासा फारशी जखम न होता सोडवता येतो.

किडा बांधायला गळ नीट पकडून त्यावर शिवणाचा काळा दोरा डोळ्यापासून वाकापर्यंत गुंडाळा. कोंबड्याच्या मानेचं एक लांब, अरुंद पीस घ्या. त्याचं टोक दोऱ्याने बांधा आणि पीस गळाच्या डोळ्याजवळ तीन-चार वेळा गोल फिरवा. केस चहूबाजूंना उभे राहतील. हे किड्याचे पाय. दोऱ्याची गाठ मारा, जास्तीचं कापा. पहिला किडा बघून घरचे हसतील. पाचवा जमेल.

संध्याकाळी ऊन उतरलं की तळ्यावर लहान-लहान वर्तुळं उठायला लागतात. ते चांदीसारखे बारीक मासे वर येऊन किडे टिपत असतात. तिथे अलगद किडा टाका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. दहा वेळा काही होणार नाही. अकराव्यांदा टचकन झटका बसेल.

पण काही गोष्टी पक्क्या लक्षात असू द्या. तलावांवर बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. तिथे त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही, त्यांचं पोट त्यावर चालतं. जायकवाडीसारख्या पक्षी अभयारण्यात परस्पर जाऊन बसायचं नाही. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, आणि येत असेल तरी एकट्याने नाही. धरणाच्या दारांजवळ, पुराच्या पाण्यात अजिबात नाही. तुटलेली नायलॉन दोरी काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकून ते मरतात. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका.

आणि मासा लागला तर? हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो, कोरड्या हाताने तो निघून जातो. फोटो काढा, लांबी मोजा, पाण्यातच धरून ठेवा, त्याने शेपूट हलवली की सोडा. खाण्यासाठी न्यायचा असेल तर न्या, त्यात पाप नाही. फक्त लिहायचं विसरू नका. तारीख, जागा, पाणी गढूळ की निवळ, मासा कुठला, त्याला गावात काय म्हणतात, दगडाखाली कुठले किडे दिसले. एका पानावर एक दिवस. कॉलेजमध्ये झूलॉजी शिकवणारे सर किंवा मॅडम असतील तर त्यांना दाखवा, नावं पक्की करून घ्या. गावातल्या एखाद्या जुन्या भोई काकांच्या शेजारी बसून त्यांनी सांगितलेली नावंही लिहा. सायक्सने हेच केलं होतं. फरक इतकाच की तो परका होता, तुम्ही इथलेच आहात.

आपल्याकडे म्हण आहे, तळं राखील तो पाणी चाखील. राखायचं म्हणजे काठी घेऊन पहारा द्यायचा असं थोडंच आहे. तळ्यात काय आहे हे ज्याला ठाऊक, तोच ते राखू शकतो. पावसाळा नुकताच संपलाय. दुधना आणि पूर्णा अजून वाहत आहेत, दगडांवरून पाणी जातंय. डिसेंबरनंतर हे दगड कोरडे पडतील. या रविवारी मोकळे असाल तर एक दगड उलटा, बघा आणि पुन्हा जागेवर ठेवा. त्याखाली कुणीतरी राहतं.